वर्गप्रकृती एकसष्ट : एका संख्येचा इतिहास

साठाला सोळाने गुणून त्यात एक मिळविला असता ९६१ होतात आणि ९६१ हा एकतीसचा वर्ग होय. बासष्टाला चौसष्टाने गुणून एक मिळविला, तर ३९६९ येतात. हा त्रेसष्टाचा वर्ग. सोळा आणि चौसष्ट हे दोन्ही स्वतः वर्गच आहेत, हे निराळे सांगावयास नको. आता या दोन शेजाऱ्यांच्या मध्ये बसलेल्या एकसष्टाला असाच एखादा वर्ग शोधून द्यावा, असे कोणी म्हटले, तर साठास चार व बासष्टास आठ पुरले तेथे एकसष्टास पाच-सात, फार तर वीस-पंचवीस पुरतील, अशीच कोणाचीही अटकळ होईल. ती साफ चुकते. एकसष्टाला ज्या लहानात लहान संख्येच्या वर्गाने गुणून एक मिळविला असता पूर्ण वर्ग मिळतो, ती संख्या २२६१५३९८० ही आहे. आणि मिळणाऱ्या वर्गाचे मूळ १७६६३१९०४९, म्हणजे एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लक्ष एकोणीस हजार एकोणपन्नास, इतके आहे. याहून लहान पूर्णांकांत हे घडत नाही.

ही दहा आकडी संख्या भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त आहे, हे आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. गौरवग्रंथांतून व व्याख्यानांतून तिचा उल्लेख होतो आणि उल्लेख झाला की टाळ्या पडतात. ती कशी निघाली, खरी आहे किंवा नाही, आणि तिच्या मागेपुढे कोण कोण उभे आहेत, हे पाहण्याचे श्रम मात्र क्वचितच घेतले जातात. प्रस्तुत लेखकानेही ते बरीच वर्षे घेतले नव्हते. त्याची जी शिक्षा मिळाली ती पुढे सांगेन.

मी बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात राहतो. येथून भुसावळास जाऊन तेथून मनमाडकडे वळणारा लोहमार्ग धरला, तर वाटेत चाळीसगाव लागते. आणि चाळीसगावच्या दक्षिणेस डोंगराच्या पायथ्याशी पाटणे हे गाव आहे. तेथील देवीच्या देवळातील एक शिलालेख मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली विद्वानांपुढे मांडला. शके ११२८, म्हणजे इ. स. १२०७ मधील हा लेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. त्याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून येथे मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशातील सोन्हदेव या मांडलिकाने त्या मठाला उत्पन्न नेमून दिले. लेखात घराण्याची वंशावळ आहे: त्रिविक्रमापासून भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, मग स्वतः भास्कर, त्याचा पुत्र लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव. लेखाचा मुख्य भाग संस्कृत. पण उत्पन्नाच्या बाबी सांगण्याची वेळ आली तेव्हा लेखक लोकभाषेवर, म्हणजे आपल्या जुन्या मराठीवर आला आहे. दाणागोटा आणि तेल यांचा हिशेब ज्यांनी पाळावयाचा त्यांना तो समजला पाहिजे, एवढे व्यवहारज्ञान त्या मंडळींना होते.

भास्कराचार्य शके १०३६ मध्ये जन्मले आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणि’ रचिला. ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग मानले जातात. बीजगणितात ‘वर्गप्रकृती’ नावाचे प्रकरण आहे आणि त्याला जोडून ‘चक्रवाल’. ज्या संख्येला वर्गाने गुणावयाचे ती प्रकृती. गुणणाऱ्या वर्गाचे मूळ ते कनिष्ठ. मिळणाऱ्या वर्गाचे मूळ ते ज्येष्ठ. आणि मध्ये जी संख्या मिळवावी किंवा वजा करावी लागते ती क्षेप. आपल्या प्रश्नात प्रकृती ६१ आणि क्षेप १ आहे.

आचार्यांची रीत पाहण्यासारखी आहे. ती पाहण्यास पाटी-पेन्सिलीपलीकडे काही लागत नाही, म्हणून वाचकांनी ती माझ्याबरोबर करून पाहावी अशी विनंती आहे. प्रथम उत्तराचा हव्यास सोडून द्यावयाचा आणि जे सहज साधते ते घ्यावयाचे. कनिष्ठ १ घेतले तर ६१ मध्ये ३ मिळवून ६४, म्हणजे आठाचा वर्ग होतो. क्षेप एक हवा होता, तो तीन आला; असो. आता अशी एक इष्ट संख्या शोधावी की, तिने कनिष्ठास गुणून ज्येष्ठ मिळविले असता क्षेपाने निःशेष भाग जाईल आणि तिचा वर्ग एकसष्टाच्या शक्य तितका जवळ असेल. येथे ती ७ आहे. सात आणि आठ पंधरा, भागिले तीन, पाच: हे नवे कनिष्ठ. एकोणपन्नासातून एकसष्ट वजा केले तर उणे बारा, भागिले तीन, उणे चार: हा नवा क्षेप. पाचाचा वर्ग पंचवीस, त्याची एकसष्टपट १५२५, त्यातून चार गेले म्हणजे १५२१, आणि हा ३९ चा वर्ग. एका फेरीत आपण ५, ३९ आणि उणे चार या त्रिकुटापाशी आलो.

पुढील काम ‘भावने’चे. ही युक्ती ब्रह्मगुप्ताची, इ. स. ६२८ मधील. एकाच प्रकृतीची दोन त्रिकुटे हाती असली, तर एकाच्या कनिष्ठाने दुसऱ्याचे ज्येष्ठ असे वज्राकार गुणून बेरीज केली म्हणजे नवे कनिष्ठ मिळते. दोन्ही ज्येष्ठांचा गुणाकार आणि दोन्ही कनिष्ठांच्या गुणाकाराची प्रकृतिपट यांची बेरीज केली म्हणजे नवे ज्येष्ठ. आणि नवा क्षेप हा दोन्ही क्षेपांचा गुणाकार असतो. उणे चार हा दोनाच्या वर्गाचा क्षेप असल्याने सर्व निम्मे करावे: कनिष्ठ अडीच, ज्येष्ठ साडेएकोणीस, क्षेप उणे एक. अपूर्णांकाला भिण्याचे कारण नाही, ते पुढे आपोआप गळतात. या त्रिकुटाची स्वतःशीच भावना केली तर कनिष्ठ साडेसत्त्याण्णव, ज्येष्ठ सातशे साडेएकसष्ट आणि क्षेप अधिक एक. त्याची पुन्हा मूळ त्रिकुटाशी भावना केली की अपूर्णांक जाऊन ३८०५ आणि २९७१८ हे पूर्णांक उभे राहतात, क्षेप उणे एक. आता शेवटची भावना, याचीच याच्याशी. ३८०५ आणि २९७१८ यांच्या गुणाकाराची दुप्पट २२६१५३९८०. आणि ज्येष्ठ? २९७१८ चा वर्ग ८८३१५९५२४ आहे. ३८०५ च्या वर्गाची एकसष्टपट ८८३१५९५२५ आहे. या दोन शेजारी संख्यांची बेरीज केली, की १७६६३१९०४९.

येथे मी वर्गात नेहमी थोडा थांबतो. आपली दहा आकडी संख्या ही अवाढव्य म्हणून नव्हे, तर तिच्या अंगच्या गुणाने पाहण्यासारखी आहे. तिच्यातून एक काढला तर जे उरते ते एका वर्गाची बरोबर दुप्पट. तिच्यात एक मिळविला तर जे होते ते दुसऱ्या एका वर्गाची बरोबर एकशे बावीसपट. एक अलीकडे आणि एक पलीकडे असे दोन वर्ग तिला धरून उभे आहेत. शिवाय ज्येष्ठाला कनिष्ठाने भागिले, तर एकसष्टाच्या वर्गमुळाची किंमत मिळते आणि तिच्यात राहणारी चूक दशांश चिन्हानंतरच्या सतराव्या स्थानापर्यंतही पोहोचत नाही. एका अपूर्णांकात इतकी सूक्ष्मता साठलेली असावी, हे गणितात रस नसलेल्या माणसालाही विचार करावयास लावील.

पाश्चात्त्यांकडे हा प्रश्न आला तो फेर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६५७ साली घातलेल्या कोड्यामुळे. फ्रेनिकल यास लिहिताना त्याने, फार त्रास नको म्हणून, दोन लहान उदाहरणे सुचविली: एक ६१ आणि दुसरे १०९. हे थट्टेचे बोलणे होते. शंभराच्या आतबाहेरच्या संख्यांत त्रास देण्यात या दोघींचा हात धरणाऱ्या फारशा नाहीत, हे त्याला पुरते ठाऊक असले पाहिजे. इंग्लंडात ब्राउंकर आणि वॉलिस यांनी रीत काढली. ऑयलरने पुढे अनवधानाने या समीकरणाला पेल याचे नाव दिले आणि ज्याचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता त्याचे नाव त्याला कायमचे चिकटले. रीत केव्हाही निष्फळ होत नाही, याची सिद्धता अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लाग्रांजने दिली.

एकसष्ट हेच उदाहरण पाचशे वर्षांच्या अंतराने दोघांनी निवडावे, याचा अर्थ एकाने दुसऱ्याचे पाहिले असा कित्येक जण करतात. त्यास काडीचाही आधार नाही. कठीण संख्या शोधू गेल्यास कोणाच्याही हाती प्रथम एकसष्टच लागणार. ती संख्येची खोड आहे, माणसांची चोरी नव्हे. फेर्माने कोडे घातले त्या वर्षी भास्कराचार्यांचे ‘बीजगणित’ संस्कृतात तर होतेच, फारसीतही उतरलेले होते. हे फारसी भाषांतर १६३४-३५ साली अताउल्ला रुश्दी याने शाहजहानास अर्पण केले. अताउल्ला हा ताजमहालाचा वास्तुविशारद मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा पुत्र. औरंगाबादच्या बीबीच्या मकबऱ्यावर जे अताउल्लाचे नाव आहे ते याचेच, असे समजतात. मुमताज महल १६३१ साली वारली ती आमच्या या बुऱ्हाणपुरात. तापीपलीकडे जैनाबादेस तिचे पहिले दफन झाले, आणि तेथून तिचा देह आग्र्यास नेला. पित्याने तिच्यासाठी कबर उभारावी आणि पुत्राने त्याच काळात एकसष्टाचे गणित फारसीत आणावे, हा योगायोग माझ्यासारख्या गावकऱ्याला मोह पाडतो, हे मी कबूल करतो. पण तो योगायोगच. युरोपात हा ग्रंथ पोहोचला तो स्ट्रेची याने १८१३ साली फारसीवरून इंग्रजी केले तेव्हा. कोलब्रुकने १८१७ साली मूळ संस्कृतावरून केले. तोपर्यंत लाग्रांजची सिद्धता जुनी झाली होती.

आमच्या बाजूचे चित्रही ‘एकटे भास्कराचार्य’ असे नाही. भावना ब्रह्मगुप्ताची हे वर आलेच. चक्रवाल तरी भास्कराचेच, अशी पुष्कळ काळ समजूत होती. १९५४ साली कृपाशंकर शुक्ल यांनी उदयदिवाकराच्या १०७३ मधील टीकेतून आचार्य जयदेव नावाच्या गणितज्ञाचे श्लोक उजेडात आणले; त्यांत चक्रवाल स्पष्ट आहे. म्हणजे भास्कराच्या जन्मापूर्वी निदान चाळीस वर्षे ही रीत सिद्ध होती. यामुळे भास्कराचार्यांचे काही उणे होत नाही. ज्या कठीण उदाहरणावर रीतीचा कस लागतो ते निवडून शेवटास नेणे, हे त्यांचेच. परंतु रीत प्रत्येक वेळी एकाच्या क्षेपापाशी पोहोचेलच, हे त्यांनी सांगितले, सिद्ध केले नाही. ती सिद्धता १९२९-३०च्या सुमारास अ. अ. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी दिली. गौरवाच्या भाषणांत हे नाव मी तरी कधी ऐकलेले नाही.

मधल्या काळातील एक माणूस मला विशेष जवळचा वाटतो. विदर्भात पयोष्णीच्या काठी दधिग्राम येथे ज्योतिषांचे एक घराणे होते. पयोष्णी म्हणजे आपली पूर्णा, असे मानण्याचा प्रघात आहे, आणि ही पूर्णा बुऱ्हाणपूरच्या खाली चांगदेवापाशी तापीस मिळते. हे घराणे पुढे काशीस गेले. त्यातील कृष्ण दैवज्ञ याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘बीजगणिता’वर ‘बीजपल्लव’ नावाची टीका लिहिली. नियम पाठ करून न थांबता प्रत्येक नियमाची उपपत्ती, म्हणजे तो का खरा, हे सांगण्याचा आग्रह या टीकेत आहे. याच कृष्णाने श्रीपतीच्या ‘जातकपद्धती’चे उदाहरण लिहिताना पत्रिका घेतली आहे ती अब्दुर्रहीम खानखानानची, तोच खानखानान, ज्याने बुऱ्हाणपुरास सुभेदार असताना डोंगराखालचे पाणी भुयारी वाटेने शहरात आणण्याची योजना पुरी केली. आजही ‘खुनी भंडारा’ पाहावयास लोक येतात. पत्रिकेतले गणित आणि भुयारातले गणित एकाच माणसाभोवती जमलेले पाहून मौज वाटते.

तापीखोऱ्यात या विद्येचा वावर केवळ ब्राह्मणांच्या घरांतच होता, असेही नाही. आमच्या जामा मशिदीत आदिलशाह फारुकी, म्हणजे राजा अलीखान, याने अरबीबरोबर संस्कृतातही लेख कोरविला आहे. संवत १६४६, शके १५११, आणि पुढे तिथी, नक्षत्र, योग, करण हे सर्व घटकांसह दिलेले. कोणा जोशीबुवांनी ही वेळ मांडून दिली असली पाहिजे. त्यांचे नाव दगडावर नाही. पुढे १५९१ साली अकबराने याच राजा अलीखानाकडे वकील म्हणून फैजीला पाठविले. फैजी म्हणजे १५८७ साली ‘लीलावती’ फारसीत आणणारा कवी. मशिदीच्या भिंतीवरील घटका-पळांचा तो लेख त्याच्या दृष्टीस पडला असेल काय, हा विचार मशिदीसमोरून जाताना मनात आल्यावाचून राहत नाही.

आता माझ्या शिक्षेची गोष्ट. भास्कराचार्यांच्या जन्माला नऊशे वर्षे झाली त्या २०१४ साली, मी ज्या शाळेत होतो तेथील व्हरांड्याच्या भिंतीवर ही संख्या मोठ्या अक्षरांत रंगवून घेतली. रंगाऱ्याला कागद मीच लिहून दिला. उद्घाटन झाले, भाषण मीच केले. मग पाच वर्षे ती भिंत तशीच राहिली; मुले तिच्याखाली डबे खात आणि पाहुणे तिच्यापुढे छायाचित्रे काढीत. २०१९ मध्ये नववीतील एक मुलगी, जिच्या घरी मराठी बोलतात व शाळेत हिंदी, माझ्याकडे येऊन म्हणाली, “सर, भिंतीवरचा आकडा बरोबर नाही.”

मी तिला नवाची कसोटी दाखविली. कनिष्ठाच्या अंकांची बेरीज ३६, म्हणून नवाने बाकी शून्य. त्याच्या वर्गाच्या एकसष्टपटीत एक मिळविला तर बाकी एक. भिंतीवरच्या ज्येष्ठाच्या अंकांची बेरीज ४६, बाकी एक. एकाचा वर्ग एक. जुळले. “आता?” मी विचारले. ती म्हणाली, “दोन अंकांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच राहते ना, सर?”

भिंतीवर १७६६३९१०४९ असे होते. एकोणीस हजाराचे एक्याण्णव हजार झाले होते, आणि ते रंगाऱ्याने नव्हे, माझ्या हाताने. तो कागद मी कपाटात जपून ठेवला होता, म्हणून नाकारण्यास जागा उरली नाही. तिने अकराची कसोटी लावली होती. कनिष्ठास अकराने भागिले तर बाकी ८ उरते. आठाचा वर्ग ६४, बाकी ९. एकसष्टाची बाकी ६. सहा नवे चोपन्न आणि एक पंचावन्न, अकराने निःशेष. म्हणून ज्येष्ठासही अकराने पूर्ण भाग गेलाच पाहिजे. खऱ्या संख्येचे अंक उजवीकडून एकाआड एक घेतले, तर ९, ०, १, ६, ७ यांची बेरीज २३, आणि ४, ९, ३, ६, १ यांचीही २३. भिंतीवरच्या संख्येत एकीकडे ३१ आणि दुसरीकडे १५ येत होते.

त्या दिवशी वर्गाला सुटी देण्याऐवजी आम्ही पुरा गुणाकारच केला. सगळ्या फळ्यावर मावेल एवढा तो होता. १७६६३१९०४९ चा वर्ग ३११९८८२९८२८६०२६४४०१. दुसऱ्या बाजूने २२६१५३९८० चा वर्ग करून, एकसष्टाने गुणून, एक मिळवूनही तोच. अठरा मुलांपैकी पाच जणांचे प्रथम चुकले, त्यांत मी एक. रविवारी रंगारी बोलावून दोन अंक बदलून घेतले. जुन्या नवाचे शेपूट नव्या रंगाखालून अजून किंचित दिसते.

त्या मुलीला मी फेर्माचे दुसरे उदाहरण दिले, १०९ चे. आठवडाभराने ती वही घेऊन आली. दहाचा वर्ग शंभर, म्हणून १, १०, क्षेप उणे नऊ येथून तिने आरंभ केला होता. पुढे २, २१, क्षेप पाच. मग ९, ९४, क्षेप सात. आणि मग २५, २६१, क्षेप उणे चार. उणे चार दिसताच तिने चक्रवाल थांबवून, एकसष्टाप्रमाणेच, सर्व निम्मे केले होते. शेवटचे ज्येष्ठ १५८०७०६७१९८६२४९, पंधरा आकडी. मी ते वाचू लागलो तेव्हा तिने पान उलटून दाखविले. मागच्या बाजूस अकराची कसोटी आधीच मांडलेली होती.